उभ्या गाडीवरचा ओरखडा आणि माणसांचे हक्क

माणसाचा प्रामाणिकपणा मोठ्या व्यवहारांत पारखला जातो, अशी आपली समजूत असते. जमिनीची खरेदी, वारसाची वाटणी, व्यापारातील भागीदारी या ठिकाणी कागद असतो, साक्षीदार असतात आणि कोर्टाची भीतीही असते. परंतु गाडी मागे घेताना ती दुसऱ्याच्या उभ्या गाडीला घासते, मालक बाजारात किंवा मशिदीत गेलेला असतो, आजूबाजूला चिटपाखरू नसते, तेव्हा यांपैकी काहीच नसते. असतो तो फक्त एक ओरखडा, आणि तो काढणाऱ्याचा ईमान. त्या दोन मिनिटांत माणूस काय करतो, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरील हक्क, या विषयाच्या तो अगदी गाभ्याशी आहे.

हा प्रश्न आज आपल्या दारात येऊन उभा राहिला आहे. पनवेल तालुक्यातील गव्हाण आणि आसपासच्या गावांकडे पाहा. जिथे एके काळी भातशेती, मिठागरे आणि खाडीची मासेमारी यांवर संसार चालत, तिथे १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवे शहर आखले. १९८९ साली न्हावा शेवा येथील बंदर सुरू झाले आणि गव्हाण फाट्यावरून कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरची वर्दळ वाढली. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि खारकोपर ते उरण ही रेल्वे, दोन्हींचे उद्घाटन एकाच दिवशी झाले; ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे झाले. रस्ते रुंद झाले, इमारती उंच झाल्या, घरोघरी गाडी आली. ती उभी करण्यास लागणारी जागा मात्र त्या वेगाने वाढली नाही. त्यामुळे सोसायटीच्या आवारात, स्टेशनबाहेर, लग्नाच्या हॉलसमोर आणि जुम्याच्या दिवशी मशिदीभोवती रोज नवे वाद उद्भवतात. कोणी गाडी ठोकली, कोणी वाट अडवली, कोणी आरसा मोडला.

जुनाच प्रश्न, नवे रूप

वाहन नवे असले तरी प्रश्न फार जुना आहे. कोकणातील वडीलधाऱ्यांना तो दुसऱ्या रूपात ठाऊक आहे. एकाची गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरत, उभे पीक खात आणि तंटा होई. त्यासाठी गावोगावी कोंडवाडे होते आणि इंग्रजांनी १८७१ साली त्याबाबत कायदाही केला होता. शेत जागचे हलत नाही, गुरू हलते; नुकसान हलणाऱ्याकडून होते आणि सोसावे लागते ते जागेवर असणाऱ्याला. उभ्या गाडीची अवस्था त्या शेतासारखीच आहे.

दिव्य कुरआनात अशाच एका तंट्याचा उल्लेख आहे. सूरह अल-अंबियाच्या ७८ व ७९ क्रमांकाच्या आयतींत हजरत दाऊद (अ.) आणि हजरत सुलैमान (अ.) यांच्यासमोर आलेला खटला सांगितला आहे. काही लोकांच्या मेंढ्या रात्रीच्या वेळी एका शेतात शिरल्या होत्या. अल्लाहने दोघांनाही ज्ञान व विवेक दिला होता, आणि या प्रकरणातील योग्य समज सुलैमान (अ.) यांना दिली, असे तेथे नमूद आहे. भाष्यकारांनी दिलेला तपशील असा : दाऊद (अ.) यांनी नुकसानभरपाई म्हणून मेंढ्याच शेतमालकाला देण्याचे ठरवले. सुलैमान (अ.) यांनी सुचवले की, मेंढपाळाने शेत पुन्हा पूर्वीसारखे उभे करून द्यावे आणि तोपर्यंत शेतमालकाने मेंढ्यांचे दूध व लोकर वापरावी; शेत तयार झाले की ज्याचे त्याला परत मिळावे.

या निवाड्यात एक फार मोठे तत्त्व आहे. ज्याचे नुकसान झाले त्याला ते भरून मिळालेच पाहिजे, आणि ज्याच्या हातून झाले तोही उद्ध्वस्त होता कामा नये. भरपाई म्हणजे सूड नव्हे. गाडीला चरा पडला म्हणून समोरच्याची कॉलर धरणारा आणि चरा पाडून पसार होणारा, दोघेही या निवाड्यापासून सारखेच दूर आहेत.

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या काळातही असा प्रसंग घडला. हजरत बरा बिन आजिब (रजि.) यांची उंटीण एका बागेत शिरली आणि तिने नासधूस केली. प्रेषितांनी (स.) दिलेला निर्णय अबू दाऊद व मुवत्ता या हदीससंग्रहांत नोंदला आहे : दिवसा बागेची राखण करणे हे बागवाल्याचे काम आणि रात्री जनावरांनी केलेल्या नुकसानीची जबाबदारी जनावरांच्या मालकाची. दिवसा जनावरे चरावयास बाहेर पडतात आणि शेतकरी शेतावर असतो. रात्री शेतकरी झोपतो आणि जनावर दावणीला बांधलेले असावे, अशी रीत असते. म्हणजे ज्या वेळी ज्याने लक्ष ठेवावे अशी लोकांची रास्त अपेक्षा असते, त्या वेळी जबाबदारी त्याची. इमाम शाफिई (रह.) यांनी ही विभागणी स्वीकारली आणि कोकणातील बहुसंख्य मुस्लिम कुटुंबे याच मसलकाची आहेत. हनफी फकीहांचे मत या तपशिलात वेगळे आहे. पण माणसाने स्वतःच्या हाताने केलेले नुकसान भरून द्यावे, याविषयी कोणाचेही दुमत नाही.

पहिले कर्तव्य : उंट बांधणे

या विभागणीत राखणीचा एक वाटा मालकाकडेही येतो. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे एकाने विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला आधी उंट बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले. ही हदीस तिरमिजीमध्ये आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. संपत्तीचे रक्षण हे शरीअतच्या पाच मूलभूत उद्दिष्टांपैकी एक आहे. गाडी ही अल्लाहने दिलेली देणगी आणि कष्टाच्या कमाईतून आलेली अमानत आहे. तिची हेळसांड करून नंतर नशिबाला बोल लावणे हा तवक्कुल नव्हे.

आपल्या भागात उंट बांधणे म्हणजे काय, याचा साधा विचार करावा. कंटेनरचा लांब ट्रेलर वळतो तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतल्या बाजूला कापत जातात. म्हणून वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर गाडी लावणे म्हणजे नुकसानीला स्वतः आमंत्रण देणे होय. नारळाच्या झाडाखाली गाडी लावू नये. उतारावर हँडब्रेकबरोबर गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाके कडेच्या बाजूला वळवावीत. अरुंद जागेत आरसे मिटून घ्यावेत. गाडी मागे घेऊन लावली तर निघताना समोरचे मूल किंवा वाटसरू स्पष्ट दिसतो. धुळीने माखलेल्या गाडीवर आच्छादन घातले तर वाऱ्याने ते घासून रंगच जातो, म्हणून आधी धूळ काढावी. पावसाळ्यात पाणी भरणाऱ्या सखल जागेत गाडी सोडू नये, आणि फार दिवस ती हलली नाही तर उंदीर वायरी कुरतडतात हे ध्यानात ठेवावे. या गोष्टी व्यावहारिक आहेत, पण दीनच्या बाहेरच्या नाहीत.

रक्षणाची सीमा : रस्त्याचा हक्क

मात्र उंट बांधायचा तो कोठे, हाही प्रश्न आहे. आपली गाडी सुरक्षित राहावी म्हणून काही जण घरासमोरच्या सार्वजनिक रस्त्यावर दगड, कुंड्या, मोडक्या खुर्च्या मांडून जागा अडवून ठेवतात. काही जण तर स्वतःच ‘नो पार्किंग’चा फलक रंगवून टांगतात. दुसऱ्याची एक वीत जमीन अन्यायाने बळकावणाऱ्यास कयामतच्या दिवशी सात जमिनींचा जोखड गळ्यात घालावा लागेल, असा इशारा बुखारी व मुस्लिम यांतील हदीसमध्ये आहे. रस्ता कोणा एकाचा नसतो, तो सर्वांचा असतो. एकाची जमीन बळकावली तर माफी मागण्यासाठी एक माणूस तरी असतो; सर्वांचा रस्ता बळकावला तर माफी कोणाकोणाकडे मागणार?

प्रवासात रात्री मुक्काम करावा लागला तर रस्त्यावर तळ देऊ नका, कारण तो जनावरांच्या येण्याजाण्याचा मार्ग आहे, असे प्रेषितांनी (स.) शिकवल्याचे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. वाळवंटातील काफिल्यांना दिलेली ही शिकवण आजच्या वाहनचालकाला जशीच्या तशी लागू पडते. वाटेवर थांबणारा स्वतःलाही धोक्यात घालतो आणि इतरांनाही. देशाचा कायदाही हेच सांगतो : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ नुसार सार्वजनिक ठिकाणी धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने वाहन सोडणे निषिद्ध आहे.

जुम्याच्या दिवशी याचा विसर पडावा, ही फार खेदाची बाब आहे. खुतबा सुरू झाला म्हणून घाईघाईने कोणाच्या फाटकासमोर गाडी लावली जाते. आत आपण पहिल्या सफमध्ये जागा शोधत असतो आणि बाहेर एखाद्या हिंदू शेजाऱ्याला आजारी आईला दवाखान्यात न्यावयाचे असते. गाडीचा मालक कोण, हे कोणास ठाऊक नसते. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, असे आपण मुलांना शिकवतो. मग ती वस्तू आपलीच गाडी असेल तर? मशिदीपासून पाच मिनिटे दूर गाडी लावून पायी येणाऱ्याच्या प्रत्येक पावलाला सवाब आहे. शेजाऱ्याची वाट मोकळी ठेवल्याचा सवाब त्यात आणखी मिळतो.

बाणाचे टोक

मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, कोणाला इजा होऊ नये, अशी आज्ञा बुखारी व मुस्लिम यांत आहे. बाण बाळगण्यास मनाई नव्हती. अट इतकीच होती की, माझ्या वस्तूच्या धारेची काळजी मी घ्यावी, समोरच्याने अंग चोरत चालू नये. गाडीचा दरवाजा हे आजच्या बाणाचे टोक आहे. शेजारच्या गाडीवर तो आदळतो तेव्हा दार उघडणारे बहुधा मूल असते आणि आईवडील ‘काही झाले नाही’ असे म्हणून पुढे निघतात. त्या मुलाला दाराच्या कडेवर हात ठेवून हळू उघडण्यास शिकवणे म्हणजे त्या हदीसवर अंमल करणे होय.

कोणी पाहिले नाही तेव्हा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घासले, कोणी पाहिले नाही, काय करावे?

कोणाचे नुकसान करू नये आणि नुकसानीच्या बदल्यात नुकसानही करू नये, हे इस्लामी कायद्याचे पायाभूत सूत्र इब्ने माजाच्या हदीसमध्ये आहे. उस्मानी राज्यात १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या संहितेने त्यासोबत आणखी एक नियम नोंदवला : प्रत्यक्ष नुकसान करणारा, त्याचा हेतू नसला तरी, भरपाईस बांधील असतो. म्हणजे ‘मी मुद्दाम केले नाही’ हे उत्तर गुन्ह्यातून सोडवील, देण्यातून सोडवणार नाही.

प्रेषितांच्या (स.) घरातील प्रसंग पाहावा. एका पत्नीने पाठवलेले अन्नाचे भांडे दुसऱ्या पत्नीच्या घरी, तिच्या मनातील असूयेमुळे फुटले. प्रेषितांनी (स.) स्वतः तुकडे आणि सांडलेले अन्न गोळा केले, आणणाऱ्या सेवकाला थांबवून ठेवले, ज्या घरी भांडे फुटले तेथील अखंड भांडे त्याच्या हाती दिले आणि फुटके तेथेच ठेवून घेतले. आरडाओरडा झाला नाही, पण भरपाई मात्र त्याच क्षणी झाली. घरातल्या घरात, पतीपत्नीच्या नात्यातही भांड्याला भांडे दिले गेले. मग अनोळखी माणसाच्या गाडीचे काय?

मन मात्र पळवाटा शोधते. त्यांतील चार नेहमीच्या आहेत.

पहिली : ‘एवढासा तर ओरखडा आहे.’ खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत पत्र्यापर्यंत गेलेला लहानसा चरासुद्धा गंज धरतो. शिवाय लहान काय आणि मोठे काय, हे ठरवण्याचा अधिकार नुकसान करणाऱ्याचा नसून सोसणाऱ्याचा आहे. राईच्या दाण्याएवढे कृत्यही अल्लाह समोर आणील, हा उपदेश हजरत लुकमान यांनी आपल्या मुलाला केल्याचे कुरआन सांगते.

दुसरी : ‘विमा कंपनी देईल.’ विम्याचा दावा फुकट मिळत नाही. खाजगी मोटारीच्या प्रत्येक दाव्यात १,००० किंवा २,००० रुपये मालकाला स्वतः सोसावे लागतात आणि दावा न केल्याबद्दल मिळणारी, २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी सवलत तो गमावतो. आपण केलेल्या नुकसानीचा भार आपण दुसऱ्याच्या खिशावर टाकतो, इतकाच त्याचा अर्थ.

तिसरी : ‘त्यानेच गाडी वाकडी लावली होती.’ असेलही. त्याने वाट अडवली असेल तर त्याच्याकडेही दोष जातो, आणि दोघांनी बसून तो वाटा ठरवावा. पण एकट्याने, त्याच्या पाठीमागे, आपल्याच बाजूने निवाडा देऊन निघून जाणे हा कोणता न्याय?

चौथी : ‘श्रीमंताची गाडी आहे, त्याला काय फरक पडतो?’ हक्क श्रीमंताचाही असतो, गरिबाचाही. मुस्लिमाचाही आणि मुस्लिमेतराचाही. आणि दिसते ती प्रत्येक चकचकीत गाडी श्रीमंताची नसते. विमानतळाच्या वाटेवर उभी असलेली टॅक्सी कोणाच्या तरी हप्त्यांवर चालते; ती गॅरेजमध्ये दोन दिवस राहिली तर त्या घराची दोन दिवसांची कमाई बुडते.

म्हणून करावयाचे ते असे. थांबावे. मालकाचा शोध घ्यावा. पहारेकऱ्याला, दुकानदाराला विचारावे, मशिदीत असेल तर गाडीचा क्रमांक पुकारावा. सापडला नाही तर आपले नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी वायपरखाली ठेवावी आणि गाडीचा क्रमांक स्वतःकडे टिपून घ्यावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अपघातात दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाल्यास आणि पोलीस तेथे नसल्यास चोवीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे. कायदा पाळणे हीदेखील आपण दिलेल्या वचनाची पूर्तता आहे. सर्व प्रयत्न करूनही हक्कदार मिळाला नाही आणि मिळण्याची आशा उरली नाही, तर ती रक्कम त्याच्या वतीने गरजूंना द्यावी आणि पुढे तो भेटल्यास त्याचा हक्क पुरा करावा, असा मार्ग अनेक फकीहांनी सांगितला आहे. त्याबाबत आपल्या आलिमांचा सल्ला घ्यावा.

तौबा केली की झाले, असे येथे म्हणता येत नाही. अल्लाहच्या हक्कातील चूक अल्लाह माफ करतो. माणसाच्या हक्कातील चूक त्या माणसाला त्याचे देणे दिल्याविना किंवा त्याने माफ केल्याविना मिटत नाही. सहीह मुस्लिममधील हदीसमध्ये खरा दिवाळखोर कोण, ते सांगितले आहे : जो नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण ज्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणाचा माल खाल्ला असेल, कोणाला मारले असेल; त्याची पुण्ये एकेका हक्कदाराला वाटली जातील आणि संपली की त्यांची पापे त्याच्यावर टाकली जातील. एका डेंटच्या हजार-दोन हजार रुपयांसाठी रमजानचे रोजे गहाण टाकणे, हा सौदा कोणता शहाणा माणूस करील?

ज्याच्या हाती किल्ली दिली

अमानतीचा एक पैलू पार्किंग सांभाळणाऱ्यांनाही लागू होतो. ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ हा फलक आपण सर्वत्र वाचतो. १९९८ साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलमध्ये एका पाहुण्याने मारुती झेन गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि गाडी चोरीस गेली. सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ च्या निकालात सांगितले की, गाडी एकदा ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा मजकुराने झटकता येत नाही. फिक्हमधील ‘वदीअत’, म्हणजे सांभाळण्यास दिलेली ठेव, हिचा नियमही याच्या जवळचा आहे : सांभाळणाऱ्याने हयगय केली तर तो भरपाईस बांधील आहे. लग्नाच्या हॉलवर किंवा इज्तिमाच्या मैदानावर पार्किंगची व्यवस्था पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी हे ध्यानी घ्यावे. हातात शिट्टी आली की सोबत अमानतही येते.

ज्याचे नुकसान झाले त्याच्यासाठी

शेवटी, सोसणाऱ्याचीही परीक्षा आहे. परतल्यावर गाडीवर चरा दिसला की राग येणे स्वाभाविक आहे. पण कोणी समोर येऊन ‘माझ्या हातून झाले’ असे म्हटले, तर त्या माणसाने आपल्या समाजातील एक दुर्मिळ गोष्ट केली आहे, हे ओळखावे. त्याच्यावर ओरडलात तर पुढच्या वेळी तो निघून जाईल, आणि त्या निघून जाण्यात तुमचाही वाटा असेल. प्रत्यक्ष खर्चाहून एक पैसाही अधिक मागू नये. वाईटाचा बदला तेवढाच असावा आणि जो क्षमा करून समेट करील त्याचा मोबदला अल्लाहकडे आहे, ही सूरह अश्-शूराची शिकवण आहे. रिक्षाचालकाने चुकून घासले आणि त्याची देण्याची ऐपत नसेल, तर माफ करणे हीसुद्धा सदकाच होय.

गाडीच्या मागच्या सीटवर आपली मुले बसलेली असतात. हुकूकुल इबादवर आपण त्यांना किती पुस्तके आणून दिली, याचा त्यांना कदाचित विसर पडेल. पण निर्जन पार्किंगमध्ये अब्बांनी गाडी थांबवली, खाली उतरले, चिठ्ठी लिहिली आणि अनोळखी माणसाच्या वायपरखाली ठेवली, हे ती विसरणार नाहीत.

अल्लाह तआला आपल्याला आपल्या अमानती सांभाळण्याची, रस्त्याचा हक्क ओळखण्याची आणि कोणी पाहत नसताना तो पाहत आहे याची जाणीव ठेवण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.